कंपनी फिटिंगवाले आबा

भोर-वेल्ह्याकडचा माणूस नोकरीतून मोकळा झाला की साधारण तीन वाटांपैकी एक धरतो. इंद्रायणी लावतो, देवळाच्या जीर्णोद्धार समितीत शिरतो, नाही तर बांधावरून चुलतभावावर दावा ठोकतो. गेल्या काही वर्षांत एक चौथी वाट निघाली आहे. या वाटेला लागलेला माणूस गोठ्यामागे वर्षानुवर्षं पडलेली जीप बाहेर काढतो, तिच्यावरची वैरण झटकतो आणि जाहीर करतो, की ही गाडी कारखान्यातून निघाली होती तशीच्या तशी परत करायची. कापूरहोळ ते विंझर या पट्ट्यात असा माणूस तुम्हाला हटकून भेटेल. आपण त्याला आबा म्हणू. नावगाव काहीही असो, लक्षणं तीच.

पहिलं लक्षण म्हणजे खिशातलं लोहचुंबक. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर चिकटत नाही. त्यामुळे कुठल्या गाडीला कुठे ठोकर बसली होती आणि ती कोणी लपवली, हे आबांना दोन मिनिटांत कळतं. साखरपुड्याला गेले, तरी आधी अंगणातल्या पाहुण्यांच्या गाड्या तपासून मगच मांडवात येतात. एकदा नवऱ्या मुलाच्या मामाला त्यांनी चारचौघांत सांगितलं, "डाव्या दारात पत्रा कमी आणि पुट्टी जास्त आहे." सोयरीक मोडली नाही, पण आबांच्या पानात दुसरी जिलबी पडली नाही.

दुसरं लक्षण म्हणजे "कंपनी फिटिंग आहे का?" हा प्रश्न. हा ते स्टेपनीच्या नटापासून सुनेच्या माहेरच्या कुकरपर्यंत कशालाही विचारतात. स्वतः आबांच्या वरच्या दातांची कवळी आहे, दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलेली आहेत आणि उजवा गुडघा पुण्याच्या डॉक्टरांनी बदलला आहे. नातवानं एकदा हिशेब मांडून दाखवला, की आजोबा, तुमच्यात ओरिजिनल फक्त आवाज राहिलाय. आबा त्यावर म्हणाले, "माझे पार्ट बंद झालेत रे. जीपचे मिळतात."

आता जीपविषयी. आबांची जीप सीजे-थ्री-बी, 1968 सालची. अमेरिकेत विलीजनं हे मॉडेल 1953 च्या सुमाराला काढलं आणि आपल्याकडे महिंद्रानं ते परवान्यावर बनवलं. त्यातलं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे बावीसशे सीसीचं. ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. आबा ही माहिती ताठ उभे राहून, बॉनेटवर हात ठेवून सांगतात. ऐकणारा तिथे बैल शोधायला आलेला असतो.

ही जीप वेल्ह्याच्या रस्त्याला आली तेव्हा कारखान्याला ती कशी हवी होती, याच्याशी इथल्या कोणाला घेणं नव्हतं. चेलाडी फाट्यावर एसटीची वाट पाहून थकलेली माणसं होती, भाताची पोती होती, बाळंतपणाला निघालेल्या लेकी होत्या. मागची बॉडी दीड फुटानं वाढवून घेतली. समोरासमोर बाकडी टाकली. कापडी हुड गळायला लागलं तेव्हा पत्र्याचं छप्पर आलं, छपरावर कॅरिअर आलं आणि कॅरिअरवर कॉलेजची पोरं आली. पेट्रोल परवडेना म्हणून हरिकेन उतरवून प्यूजोचं डिझेल इंजिन चढवलं. पुढे काचेवर 'आई मेंगाई प्रसन्न', मागे 'आई काळूबाई प्रसन्न' आणि मध्ये कॅसेट प्लेअर. वडापला ही जीप किती माणसं न्यायची, ते मोजलं कोणी नाही. ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकला की गाडी भरली असं समजायचं.

हे सगळं आता आबांना काढायचं आहे. गंमत म्हणजे काढायला मिस्त्री तोच, ज्यानं तरुणपणी हे सगळं बसवलं होतं. दुसऱ्या कोणाला ते खोलताच येत नाही.

"मिस्त्री, हे वेल्डिंग कुणी केलंय असं? काय डोकंबिकं होतं का त्याला?"

"आबा, मीच केलंय. अन् तुमचे वडील इथंच टायरवर बसून म्हनत व्हते, अजून एक पट्टी मार, लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय."

"मग आता काप ते."

"कापतो की. तवा बसवायचे घेतले, आता काढायचे घेतो. माझं काय जातंय?"

मिस्त्रीचं खरोखर काही जात नाही. आबांच्या प्रॉव्हिडंट फंडावर त्यानं गॅरेजला नवी फरशी घातली. ती फरशी आबांना आवडत नाही. गॅरेजची जमीन पूर्वी शेणानं सारवलेली होती, असं त्यांचं म्हणणं.

रंग खरवडायला आबा स्वतः बसतात. रॉकेलचा बोळा आणि रेतीपेपर. वरचा पांढरा निघाला की निळा, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली कुठल्या तरी पंचायत समितीच्या निवडणुकीत जबरदस्तीनं मारलेला रंग. आबांचं लक्ष सगळ्यात तळाच्या राखी-हिरव्यावर. तो नखाएवढा दिसला तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मंडळींनी येऊन पाहिलं आणि विचारलं, "गंज का?"

खरा कस लागतो तो पार्ट शोधताना. आबा बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातात, तिथून नाना पेठेत. पण शहरातल्या दुकानदाराला किंमत ठाऊक असते. खरा माल गावात. सात फटींची पुढची जाळी एका वाडीत परसदाराचं फाटक म्हणून सापडली. पुढची काच पाडायची चौकट एकानं न्हाणीच्या खिडकीला बसवली होती. बॉनेटखाली कोंबड्या डालल्या होत्या. सीजे-थ्री-बीच्या उंच बॉनेटखाली कोंबड्यांना उभं राहायला जागा पुरते, हे कारखान्याच्याही लक्षात आलं नसेल.

अशा घरी आबा थेट मुद्द्यावर येत नाहीत. पाऊसपाणी विचारतात, रोप कसं आहे विचारतात, नजर मात्र डालग्यावर. पण घरची म्हातारी पक्की असते. दोन वर्षं पायाखाली येणारा पत्रा तेवढ्यात सासऱ्याची आठवण होतो. पाचशेपासून बोलणी सुरू होतात आणि शेवटी आबा नवं खुराडं बांधून देऊन बॉनेट घेऊन येतात. आबांच्या मंडळी म्हणतात, "आख्ख्या तालुक्यातल्या कोंबड्यांना घरं मिळाली. माझ्या मिक्सरचं भांडं गळतंय, त्याचा रबर काही यांना सापडत नाही."

कायद्याचं पुस्तकही आबांना पाठ आहे. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येणार नाहीत. त्या दिवशी आबांनी पेढे वाटले. पुढे 2021 साली केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. आबांना हे एकदम पसंत पडलं. "आपल्याला तेवढंच करायचंय. पंपावर जायचं आणि यायचं." हरिकेनची पेट्रोलची भूक पाहता पंपावर जाऊन येईपर्यंत पुन्हा पंपावर जायची वेळ होईल, असं मिस्त्रीचं मत आहे.

नसरापूरच्या एका टपरीवर आबांची आणि एका निवृत्त मास्तरांची जुंपली. मास्तर इतिहासाचे. त्यांनी विचारलं, "ओरिजिनल म्हणजे कुठपर्यंत मागं जायचं? तुमची कंपनी 1945 ला निघाली ती महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 ला नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. आद्याक्षरंसुद्धा बदलावी लागली नाहीत. म्हणजे कंपनीच कंपनी फिटिंग राहिली नाही."

आबा म्हणाले, "पण जीप विलीजची."

"विलीजची कसली? अमेरिकन सैन्याला 1940 साली पहिला नमुना करून दिला तो बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं. विलीज आणि फोर्ड मागून आले."

आबांचा चहा निवला. पण हार मानतील ते आबा कसले. त्यांनी मास्तरांचं हत्यार मास्तरांवरच उगारलं. "इतिहास तुम्हीच सांगता ना? महाराजांनी तोरण्याचं नाव प्रचंडगड ठेवलं. तरी आज लोक काय म्हणतात? तोरणा. ओरिजिनल ते ओरिजिनल."

टपरीवाला इतका वेळ भजी तळत होता. त्यानं झारा निथळवत विचारलं, "आन राजगड? तो पयला मुरुंबदेवाचा डोंगर व्हता म्हनत्यात. महाराजांनी तो कंपनी फिटिंग ठिवला असता, तर राजधानी कुठं केली असती? आता तर सरकारनं वेल्हे तालुक्यालाच राजगड नाव दिलंय."

त्यानंतर आबा काही दिवस त्या टपरीवर गेले नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी मिस्त्रीला एक निरोप धाडला: मागची सगळी बॉडी कापलीस तरी वडिलांनी मारायला लावलेली ती पट्टी तेवढी राहू दे. आतल्या बाजूनं आहे, चुंबकाला पत्राच लागतो, आरटीओला दिसत नाही. मिस्त्रीनं विचारलं, "मग ही जीप ओरिजिनल कशी?" आबा म्हणाले, "आमच्या घरची ओरिजिनल हीच."

माझं मत विचाराल तर आबांसारख्या माणसांची टिंगल जरूर करावी, पण बंदोबस्त करू नये. ज्या जीपमधून दोन तालुक्यांची वऱ्हाडं, आजारी माणसं आणि भाताची पोती गेली, तिचे सांगाडे भंगारात किलोवर चालले आहेत. ते अडवायला पुरातत्त्व खातं येणार नाही. चुंबक घेऊन हिंडणारा एखादा खुळाच येणार.

आबांच्या जीपला आता फक्त पेट्रोल टाकीचं मूळ झाकण हवं आहे. भोर-वेल्ह्यात कोणाच्या माळ्यावर ते पडलेलं असेल, तर वाचकांना हात जोडून सांगणं आहे, की आबांना ते एकदम काढून देऊ नका. "शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या" म्हणा. दर खेपेला चहा पाजा, त्यांच्याकडून बॉनेटच्या उंचीची कथा ऐका आणि परत पाठवा. झाकण मिळालं की जीप पुरी होईल, आणि जीप पुरी झाली की आबा दिवसभर घरी बसतील. त्यांच्या मंडळींचीही हीच कळकळीची विनंती आहे.