पौषातला नवतपा

आमच्या भिशीत रजोनिवृत्ती या विषयावरचा शेवटचा शब्द माझा असे. बाकीच्या जणी पाळी जाताना कशा घामाघूम झाल्या, रात्री किती वेळा उठल्या, नवऱ्यावर कशावरून खेकसल्या हे सांगत, आणि मी तर्रीपोह्यांची प्लेट हातात धरून मंद हसत असे. मग कुणीतरी विचारीच, ‘‘तुम्हाले काहीच कसं झालं नाही वो?’’ या एका प्रश्नासाठी मी दर महिन्याला भिशीचे पैसे भरते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. मी सांगे : पहाटे प्राणायाम, जेवणात सोयाबीन, रात्री लवकर झोप आणि मन शांत. ‘मन शांत’ म्हणताना मी डोळे किंचित मिटत असे.

जे सांगत नसे, ते स्वयंपाकघरात मेथीदाण्याच्या डब्यात होतं. मेथीनं पित्त होतं म्हणून सासूबाई त्या डब्याच्या वाटेला जात नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मलाही वाफा आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, आणि पिशवी जागेवर असल्यामुळे जोडीला प्रोजेस्टेरॉन. कारण नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सरची भीती असते. थोड्याच दिवसांत वाफा थांबल्या. प्राणायामही मी त्याच सुमारास सुरू केला होता. दोन गोष्टी एकाच वेळी केल्यावर श्रेय कुणाला द्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

लपवायचं कारण म्हणजे पुण्याची वहिनी. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन एकत्र देण्याचा भाग २००२ साली मध्येच थांबवावा लागला. ती बातमी वहिनीनं तेव्हा वाचली आणि त्यानंतर काहीही वाचलं नाही. हार्मोन म्हटलं की ती कॅन्सर म्हणते आणि फोन दादाकडे देते. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त, असा तो आकडा होता. शिवाय अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पन्नाशीच्या आतबाहेर औषध सुरू करणारीचा हिशेब वेगळा. पण हे सगळं फोनवर समजावायला अर्धा तास लागतो. ‘प्राणायाम’ म्हणायला लागत नाही.

यंदा पंचावन्न पूर्ण झाली, रक्तदाब जरा वर सरकला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आता थांबवून पाहू या.’’ मी आनंदानं होकार दिला. माझी समजूत अशी की, मी औषधाच्या आडोशाला बसलेली असताना रजोनिवृत्ती मागच्या दारानं येऊन गेली असणार. ‘‘निम्म्याअधिक बायकांना थोडाफार त्रास परत होतो,’’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी अर्थातच स्वतःला उरलेल्या बायकांत धरलं. खबरदारी म्हणून हंगाम तेवढा नीट निवडला. नागपूरचा मार्गशीर्ष. रात्री पारा दहाच्या खाली जातो तिथे गरम काय होणार?

पौष लागेपर्यंत मला कळलं होतं.

वाफ छातीतून निघते. मानेवरून कानांमागे जाते, चेहरा पेटतो, कपाळावर घाम फुटतो, काळीज धडधडायला लागतं. चार-पाच मिनिटांत सगळं ओसरतं, आणि मग ओल्या अंगाला अशी थंडी भरते की दात वाजावेत. म्हणजे स्वेटर काढायचा, खिडकी उघडायची, खिडकी लावायची, स्वेटर घालायचा, आणि घातला की पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी बिघाड शोधून काढला. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात अंगाच्या तापमानाचं नियंत्रण असतं. इस्ट्रोजेन आटलं की तिथल्या काही पेशी बेताल होतात आणि शरीराला चालणारा तापमानाचा पट्टा अगदी अरुंद होतो. एरवी लक्षातही येणार नाही एवढी ऊब वाढली, तरी मेंदू आग लागल्याची वर्दी देतो. ‘‘म्हणजे तुझा थर्मोस्टॅट गेलाय,’’ हे म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे खऱ्या कुतूहलानं बघितलं.

उरलीसुरली अब्रू भिशीत गेली. गच्चीवर उन्हात सतरंजी टाकलेली, मधोमध सांबारवडीची परात, आणि मी गटातल्या सगळ्यात धाकट्या सभासदाला अनुलोम-विलोम शिकवत होते. बिचारी शेहेचाळिशीची, नुकतीच सुरुवात झालेली. ‘‘डाव्या नाकपुडीनं घ्यायचा,’’ असं मी म्हणाले आणि उजवी सोडायच्या आत छातीतून वाफ निघाली. शाल गेली. स्वेटर गेला. हिशेबाच्या वहीनं मी स्वतःला वारा घालायला लागले. त्यात कुणी पैसे द्यायचे राहिलेत ते सगळ्यांना दिसलं. चेहरा संत्र्याच्या मोसमातल्या कळमना बाजारासारखा झाला असणार, कारण एक निवृत्त मुख्याध्यापिका चष्मा पुसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘काहून वो, तुमचं मन आज अशांत होऊन राहिलं का?’’

त्या दिवसापासून मी वर्षानुवर्षं वाटलेले सल्ले व्याजासकट परत यायला लागले. सोयाबीन घ्या. चहा सोडा. तिखट बंद. शतावरी कल्प दुधातून. दुर्वांचा रस. सब्जा, गुलकंद, मोरावळा. डिसेंबरात वाळ्याचं सरबत. पोळ्या करणाऱ्या बाईंनी नुसतं माझ्याकडे बघून ‘उष्णता’ असं निदान केलं आणि तिखटाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सासूबाईंनी तर कपाळाला आठीही घातली नाही. ‘‘त्यात काय एवढं? मी माठाला पाठ लावून बसत होते,’’ म्हणाल्या. घरातला माठ आम्ही शुद्ध पाण्याचं यंत्र आणल्यावर काढून टाकला होता. त्या यंत्राला पाठ लावून बघितली. ते भिंतीवर फार उंच आहे.

मग काशाची वाटी झाली. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासलं की अंगातली उष्णता उतरते, आणि उतरल्याची खूण म्हणून तळवे काळे होतात, असं नणंदबाई म्हणाल्या. तूप आणि काशाचं घासणं यानं तळवे कुणाचेही काळे होतात. ह्यांनी स्वतःच्या तळपायावर करून दाखवलं, त्यांना तर कसलीच उष्णता नाही. पण घासायला मात्र ते बसले. पहिल्या पायाला खरंच बरं वाटलं. दुसरा पाय निम्म्यावर आला आणि वाफ आली. अशा वेळी माणूस विचार करत नाही, बाल्कनीकडे धावतो. गुळगुळीत फरशी, दोन्ही तळव्यांना चांगलं साजूक तूप. बाल्कनी डावीकडे होती. मी सरळ गेले. थेट देवघरापर्यंत गेले आणि समईला धरून थांबले. सासूबाई पोथी वाचत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि, सुनेला उशिरा का होईना भक्ती सुचली अशा समाधानानं, मला हळदकुंकू लावलं.

खोलीपासून देवघरापर्यंत काळ्या पावलांची एक लांबलचक रेघ उमटली होती. ती निघता निघेना.

कूलरचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. नागपुरात कूलर पावसाळा लागला की ताडपत्रीत बांधतात आणि होळीनंतर सोडतात, यात घरोघर एकमत आहे. मी मध्यरात्री ताडपत्री सोडली, दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. आमचा कूलर जुना, लोखंडी. त्याचा पंखा सुरू झाला की अख्ख्या चाळीला विदर्भात उन्हाळा आल्यासारखं वाटतं. शेजारचे काका कानटोपीत दाराशी आले. ‘‘वहिनी, शॉर्टसर्किट झालं बहुतेक, कूलर आपोआप चालू झाला तुमचा.’’ ह्यांनी तीन गोधड्यांखालून उत्तर दिलं, ‘‘शॉर्टसर्किटच आहे. पण कूलरमध्ये नाही.’’

कोनफळाचं मात्र माझं स्वतःचं संशोधन. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, आणि तो कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला, असं मी वाचलं. वसईच्या मावसबहिणीकडून पिशवीभर कोनफळं मागवली. रोज भाजी, काप, भजी. कंदातल्या द्रव्याचं हार्मोन करायला प्रयोगशाळा लागते, माणसाच्या पोटात ते होत नाही, हे त्याच लेखात पुढच्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत पोचेतो दुसरा घाणा निघाला होता.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. मनात एक आशा होती : औषध एकदम सोडलं म्हणून हे झालं, हळूहळू सोडायला हवं होतं, म्हणजे दोष द्यायला काहीतरी होतं. त्यांनी तेही काढून घेतलं. हळूहळू सोडा की एकदम, पुढे जाऊन फारसा फरक पडत नाही, म्हणाल्या. मग किती दिवस चालणार? तर अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या दीर्घ पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या बायकांचा मध्य निघाला ७.४ वर्षं. घरी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘साडेसातीच की ती. शनिवारी मारुतीला तेल घाल.’’ तेल म्हटल्यावर ह्यांनी फरशीकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर एक यादी ठेवली. ‘नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटी’नं २०२३ साली वाफांवरच्या बिनहार्मोनी उपायांची छाननी केली आहे, तिची. ‘शिफारस नाही’ या सदरात काय होतं? ठरावीक लयीत श्वास घेणं. योग. सोयाबीन. वनौषधी. थंडावा देणारे उपाय. चहा-तिखट टाळणं. माझी आठ वर्षांची व्याख्यानं तिथे एकाखाली एक छापली होती. ‘‘योग सोडू नका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण पाठीसाठी करा.’’

‘शिफारस आहे’ या सदरात नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत, गॅबापेंटिन, अमेरिकेत २०२३ मध्येच मंजूर झालेलं फेझोलिनेटंट, विचार-वर्तनाची मानसोपचार पद्धत, आणि, मी दोनदा वाचलं, संमोहन. फारच झालं तर पुन्हा तपासण्या करून हार्मोनचाही विचार करता येईल, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की वाफा वर्षांनी ओसरतात, पण खालचा कोरडेपणा आपोआप जात नाही. त्यासाठी वेगळं मलम असतं, लाजून सोसत बसू नका. हे खरं तर गच्चीवर सतरंजी टाकून मोठ्यानं सांगण्यासारखं आहे. पण सध्या तिथे माझ्या शब्दाला भाव नाही.

मला कमी मात्रेतली एक गोळी मिळाली. ओळखीच्या औषधवाल्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, ‘‘काकांनी काही त्रास दिला का?’’ वाफा आता निम्म्यावर आल्या आहेत. ह्यांनी संमोहनही करून बघितलं. किल्ल्यांचा जुडगा माझ्या डोळ्यांसमोर हलवत ‘‘तुला थंडी वाजतेय, तुला थंडी वाजतेय’’ म्हणत राहिले आणि स्वतःच झोपले. त्या रात्रीनंतर ह्यांनी कूलरच्या खोलीला कुलूप लावलं होतं, त्याची किल्ली त्याच जुडग्यात होती.

यादीत अजून एक ओळ होती. शिफारस केलेल्या बाजूला, स्वच्छ छापलेली : वजन कमी करणं. ह्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी म्हटलं, बघू. आधी घरातली कोनफळं संपू देत, मग संक्रांतीचे तिळाचे लाडू आहेत, त्यानंतर मावशींकडे हुरडा ठरलाय. महाशिवरात्रीचा उपास तसाही असतोच, त्या दिवसापासून सुरू करता येईल. फक्त त्या दिवशी साबुदाणा असतो.