गळवाले सर

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक गळवाले सर असतात. जिंतूरचे असले तर येलदरीला जातात, सेलूचे असले तर निम्न दुधनेला, गंगाखेडचे असले तर थेट गोदावरीला. नोकरी शाळेत असो, बँकेत असो की पाटबंधाऱ्यात, पदवी मात्र 'सर'. रविवारी पहाटे मोटारसायकलला लांबोडकी पिशवी बांधून ते निघाले की 'कुठं निघालाव?' असं कुणी विचारत नाही. संध्याकाळी रिकाम्या हातानं परतले की 'काय लागलं?' हे मात्र सगळं गाव विचारतं.

साधा गळवाला गांडूळ लावतो, कणकेची गोळी लावतो, मरळीसाठी जिवंत बेडूक लावतो आणि कालवणाची सोय करून घरी जातो. सरांना हे अडाणीपणाचं वाटतं. ते माशी बांधतात. गरीवर पीस, दोरा अन् जर गुंडाळून खोटा किडा करायचा आणि तो माशाला खरा वाटला पाहिजे, असा हा उद्योग. लागण मोबाइलवरून झाली. अमेरिकेतला कुणी एक माणूस तळ्यातून बास नावाचा मासा काढताना सर रात्री दोनपर्यंत बघत बसले. येलदरीत बास नाही. पण गवताच्या कडेला दबा धरून वरून चाललेल्या बेडकावर झडप घालायचं जे काम तिकडे बास करतो, ते आपल्याकडे मरळ चोख करते, हे सरांनी त्याच रात्री ताडलं. बायकोला उठवून सांगितलंसुद्धा.

इतिहास तोंडपाठ. सुमारे 1,800 वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गरीला लाल लोकर गुंडाळतात, वर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधतात आणि सहा फुटी काठीनं मासे धरतात. 1873 साली मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या गळावर अख्खं पुस्तक लिहिलं. हे सगळं सर लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्यालाही ऐकवतात.

खरी गंमत सामानाची. चिकन सेंटरवर जाऊन 'चिकन नको, नुसती पिसं द्या' म्हणणारं गिऱ्हाईक हेच. आणि वर ब्रॉयलरची पिसं नाकारणारंही हेच. ब्रॉयलर पोरवयातच कापला जातो. मानेची पिसं लांब, ताठ, चकचकीत व्हायला कोंबडा जाणता व्हावा लागतो. अशी पिसं गरीभोवती गुंडाळली की त्यांची टोकं पाण्यावर टेकतात आणि माशी तरंगते. म्हणून सरांचा डोळा गल्लीतल्या गावरान कोंबड्यावर. त्याची मालकीण म्हातारी सर दिसले की कोंबडा डालग्याखाली घालते. कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण सरांची माशी राहते.

त्यात घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. बिस्किटांच्या डब्यात कोंबड्याची पिसं सापडली त्या दिवशी बाईंनी निकाल दिला: मोराचं चालेल, कोंबड्याचं चालणार नाही. त्यामुळे मोरपीस देवघरात आणि कोंबडा मोटारसायकलच्या डिकीत. मोरपिसाचा एकेक तंतू गरीवर वेढला की भुंगेऱ्याच्या पाठीसारखी हिरवी-तांबूस झाक येते, तेव्हा देवाच्या डोक्यावरचं मोरपीस महिन्यागणिक विरळ का होतंय, हे बाईंना अजून उमगलेलं नाही. राखीपौर्णिमा झाली की सर बहिणींकडे जातात, ते भाच्यांच्या जुन्या राख्या गोळा करायला. पोळ्याची उरलेली बेगड, उसवलेल्या साडीची जर, शेवटची गाठ पक्की करायला नेलपॉलिश. जिल्हा कापसाचा, म्हणून त्यांनी कापूसही लावून पाहिला; पण कापूस पाणी पितो, माशी बुडते. बेडूक तरंगवायला अखेर रबरी चप्पल कामी आली. टाच कातरून केलेल्या त्या बेडकांपायी घरात सध्या डाव्या पायाच्या चपला तेवढ्या शिल्लक आहेत.

माशीला वजन नसतं. म्हणून वजन असतं दोरीला. ती मागे-पुढे झुलवत हवेत लांबवायची आणि मग सोडायची. पुढे धरण मोकळं, पण मागे वेडी बाभूळ. सरांना आजवर जे काही लागलं त्यात बाभळीचा वाटा मोठा. एकदा म्हैस लागली. ते प्रकरण मालकाशी चहावर मिटलं.

धरणावर मासेमार सोसायटीचा एक वयस्कर भोई जाळं झटकत असतो. त्यानं एकदा सरांची डबी उघडून एक माशी तळहातावर घेतली.

"सर, ही कोण्या गावची?"

"मूळची मॅसिडोनियाची."

"हां. इकडं येत नाही ती."

इतकी नेमकी समीक्षा सरांची कुणी केली नव्हती. त्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर आली, तेव्हा सर भिंग घेऊन पायरीवर बसले. सकाळी पाण्यावर पडलेली तीच वाळवी चिलापी मटामट वेचत होती. तपकिरी दोऱ्याचं अंग, कॅरीबॅगच्या पट्ट्यांचे पंख. सर नवी माशी पाण्यात सोडताना 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. त्या दिवशी बनली.

मरळीला हवा घ्यायला अधूनमधून वर यावंच लागतं. तो बुडबुडा दिसला की सर चप्पल, म्हणजे बेडूक, नेमका तिथं टाकतात. भोयाच्या देखत एक लागली. सरांनी हात ओले केले, उलटा काटा आधीच चेपलेली गरी अलगद काढली आणि मरळ पाण्यात सोडून दिली.

"आता धरलीच कशाला मग?"

"तिला चप्पल खरी वाटली का, ते बघायला."

भोयानं तंबाखू मळली. "किलोभर तरी होती," एवढंच म्हणाला.

पावसाळ्यात पिल्लांच्या तांबड्या झुबक्याभोवती राखणीला फिरणारी मरळ हमखास लागते, कारण ती भुकेनं नाही, रागानं झडप घालते. तिच्यावर सर कधी माशी टाकत नाहीत. एवढ्यासाठी त्यांना बाकीचं सगळं माफ, असं माझं मत आहे. म्हातारीचं नाही.

तेव्हा वाचकहो, जुन्या राख्या फेकू नका, तुमच्या गावच्या सरांकडे पोचत्या करा. पिसं द्यायची असतील तर गावरानचीच द्या, आणि ती घरी नका नेऊ, डिकीत ठेवा.