शिकारीक गेलेलो राजा

दशावतारातल्या नटाबद्दल आमच्या मुलखात एक म्हण आहे : रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा जुन्या मंडळींच्या काळातली. रात्रभर राज्य केलेला माणूस उजाडलं की पोशाखाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या जत्रेला चालू लागायचा. म्हण झकास आहे. फक्त माझ्या वयाच्या माणसाला तिच्यात एक खोट दिसते. तिच्यात राजाची वेळ वेगळी आणि बोजाची वेळ वेगळी धरलेली आहे.

माझं वय 53. मालवणपासून दहा-बारा किलोमीटरवर गाव. सकाळी मी आईचा मुलगा असतो, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीवरून तिच्याशी भांडतो. साडेदहाला हायस्कुलात भूगोलाचा मास्तर होतो. दुपारी पुण्याहून मुलाचा फोन आला की बाप होतो, आणि ‘पैसे पाठव’ याच्या आधी तो किती प्रेमाने बोलतो ते ऐकतो. संध्याकाळी घराच्या मागे काढलेल्या चार खोल्यांचा मालक. कोकण रेल्वे 1998 मध्ये पुरी सुरू झाली, पण ती मालवणला शिवत नाही. त्यामुळे पाहुण्यांना आणायला कुडाळला धावणं हेही माझ्याकडेच. मग भावकी. भावकीत मी कोण आहे हे सातबाऱ्यावर अजून ठरायचं आहे.

बायकोच्या भूमिका मी मोजत नाही. एकदा मोजायला बसलो होतो. ती म्हणाली, “मोजून झाले की वाटप घेवा मिक्सराक.”

अशा माणसाने वर्षातून एक रात्र फक्त राजा व्हावं, एवढीच माझी हौस. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि आमच्या देवळात गावच्याच हौशी मंडळींचा दशावतार असतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कधी मरायचं ते ठरतं. बाकी संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की हिमालय. रंग ज्याचा त्याने तोंडाला लावायचा. हातआरसा समोर धरून मी भुवया कोरतो तेव्हाचा अर्धा तास मला कोणी हाक मारत नाही. माझ्या मते दशावताराचं मुख्य पुण्य त्या अर्ध्या तासात आहे.

गेल्या जत्रेला गणपती आला, रिद्धी-सिद्धी नाचल्या, संकासुराने मालवणीत सरपंचांपासून पर्यटकांपर्यंत सगळ्यांची उतरवून ठेवली. आमच्याकडे उतरलेले सांगलीचे पाहुणे तेवढं बघून, दोन पुडे खाजं आणि प्लेटभर भजी खाऊन झोपायला गेले. त्या भज्यांकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

आख्यान सुरू झालं ते साडेबाराला. किरीट, भुजकीर्ती, कमरेला लाकडी तलवार असा मी प्रवेश केला. पखवाज कडाडला, पेटीवाल्या बुवांनी सूर भरला. मी छाती भरून घेतली, आणि पुढल्या चटईवरून आईचा आवाज आला :

“झिला, कान बांध रे! थंडी लागात!”

तिचं वय 82. राजा, राक्षस, देव, कोणाच्याही वेषात आला तरी मुलाचे कान ओळखू येतात तिला. लोक हसले. मी मात्र राजासारखा गंभीर राहिलो आणि उजव्या कानावरचा किरीट जरा खाली ओढला.

शेजारी राणी उभी होती. समर्थांनी दासबोधात दशावतारातल्या सुंदर नारींचं खरं रूप धटिंगण म्हणून उघडं केलंय. आमची राणी त्या वर्णनाला कुठेच कमी पडत नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली आहे. शृंगाराच्या प्रसंगातही दारात माणसं उभी राहू देत नाही.

मी परचक्राचं भाषण रंगात आणलं होतं. तेवढ्यात चटईच्या कडेला बायको उठून उभी राहिलेली दिसली. एका हाताने गोल गोल फिरवल्याची खूण करत होती. मला वाटलं, भाषण वाढवा म्हणते. वाढवलं. ती आणखी जोरात फिरवू लागली. मग तिने दुसऱ्या हातातला मोबाइल दाखवला आणि पोटावर हात ठेवला. सांगली. भजी. टाकी.

आमच्या विहिरीवरचा पंप हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याचा फूटव्हॉल्व गळतो. त्यामुळे आधी कळशीभर पाणी पाइपात ओतायचं, मग बटण दाबायचं, आणि पंप नुसता गुरगुरला तर डाव्या बाजूने त्याला एक ठोसा द्यायचा. किती जोराचा, ते फक्त मला ठाऊक. “बदला, बदला म्हणान गणपतीपास्ना सांगतंय,” हे बायको म्हणते ते खरं आहे. पण तो ठोसा ही घरात मला एकट्याला येणारी एकमेव गोष्ट आहे, हेही खरं.

मध्येच उठून जाणार कसं? तिथे संहिता नसण्याचा फायदा झाला. मी तलवार उपसली.

“प्रधानजी! आम्हाला तत्काळ मृगयेस जाणे आहे!”

प्रधान चक्रावला. शत्रू वेशीवर आलेला, आणि राजा शिकारीला! पण तोही मुरलेला नट. “महाराज, या घोर रात्री?”

“सावज तहानेने व्याकूळ झाले आहे.”

राणीने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि डबल बेल दिल्यासारखं म्हटलं, “चला स्वामी, चला!”

देवळापासून घर तीनशे पावलं. अंगावर जर, हातात मोबाइलची बॅटरी, पायात चप्पल नाही. आमच्याच कुत्र्याने मला गडग्यापाशी अडवलं; त्याला मी राजा म्हणून मान्य नव्हतो आणि मालक म्हणून ओळखू येत नव्हतो. विहिरीवर पोचलो, पाणी ओतलं, बटण दाबलं. पंप गुरगुरला. तलवारीच्या मुठीने ठोसा दिला. चालू! मागे वळलो तर सांगलीचं अख्खं कुटुंब, टॉवेलसह, फोटो काढत उभं. एक हात पंपावर ठेवून मी दोन फोटोंना उभा राहिलो. धंदा आहे.

परत येईतो प्रधानाने वीस मिनिटं एकट्याने खिंड लढवली होती. लोकांनी नंतर सांगितलं की आख्यानातला तोच भाग सर्वांत चांगला झाला. मी धापा टाकत बाकड्यावर बसलो.

“महाराज, शिकार साधली?”

“साधली, प्रधानजी. अर्ध्या तासाने पंप...” जीभ चावली, “...पंपा सरोवराकडे पुन्हा जावे लागेल. नाहीतर ते भरून वाहील.”

चटईवर जो हशा उठला तो पुढल्या युद्धातही थांबला नाही. शत्रूचा राजा मरताना हसत होता. सरोवरावर मी पुन्हा गेलो नाही. बायकोच गेली. बटण बंद करायला ठोसा लागत नाही, आणि तिच्यासाठी कोणी पखवाज वाजवला नाही.

पहाटे दहीकाला झाला. खोबरेल लावून रंग काढला, पण काजळ काही निघेना. घरी आईला गोळी दिली. सांगलीकरांनी इंटरनेटवर पाच तारे देऊन लिहिलं होतं : मालक स्वतः पारंपरिक वेषात पाणी सोडतात. साडेदहाला शाळेत गेलो. नववीत मान्सूनचे वारे शिकवायचे होते. डोळे काजळलेले, झोप अनावर. फळ्यावर नकाशा काढून वळलो, तर मागच्या बाकावरून अगदी अदबीने प्रश्न आला :

“सर, टाकी भरली?”