भागण्यापुरतं

मध्यमवर्गीय घरातला कॉम्प्युटर एकदम मरत नाही. आधी त्याला विसर पडू लागतो, मग दम लागतो, आणि मग सकाळी बटण दाबल्यावर तो इतका वेळ विचारात पडतो की तेवढ्यात आपला चहा होतो, पेपर होतो, शेजाऱ्यांशी पाण्याच्या वेळेवरून बोलणंही होतं, तरी पडद्यावरचा तो छोटा गोल फिरतच असतो. आमच्या घरी त्या गोलाला कुणी नावं ठेवत नाही. वृद्ध कीर्तनकाराला निरूपणाचा हरवलेला धागा सापडेपर्यंत टाळकऱ्यांनी हलक्या हाताने ताल धरून ठेवावा, तशा अदबीने आम्ही त्याच्यासमोर बसून राहतो. धागा सापडतो. उशिरा सापडतो, पण सापडतो. आणि ज्याला अजून धागा सापडतो त्याला घराबाहेर काढायचं नसतं, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे.

नियम मोडला तो आमच्या हातून नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची पायरी विंडोज ११, आणि तिथे प्रवेशाच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आमचा सहाव्या पिढीचा. तो चालतो, टाइप करतो, छापतो, रेल्वेचं तिकीट काढतो. पण दोन पिढ्या आधी जन्मला, एवढंच त्याचं अपात्र ठरण्याचं कारण. मी स्वतः राज्य सरकारच्या नोकरीतून ५८ व्या वर्षी बाहेर पडलो, त्यामुळे हा कारभार मला ओळखीचा वाटला. आदल्या संध्याकाळपर्यंत फायलींवर शेरे मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या दृष्टीने उरत नाही. त्याच्या गुडघ्यात, डोळ्यांत किंवा बुद्धीत त्या एका रात्रीत काहीच घडलेलं नसतं, घडलेलं असतं ते कागदावर. गंमत म्हणजे विंडोजवाल्यांनीही घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराच्या मुदतवाढीची सोय ठेवली. मुदतवाढ मिळालेले अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या टेबलावर चहा वेळेवर येतो, फायली येत नाहीत.

नवा घ्यायचा ठरलं, तेव्हा साहजिकच पहिल्याची आठवण झाली. २००२ ची दिवाळी. एमएस-सीआयटी सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि डोंबिवलीत ज्या खोलीत दोन टेबलं मावत होती त्या खोलीत क्लास निघत होते. कॉम्प्युटर नसलेल्या घरातल्या मुलाचं पुढे काय होणार, या प्रश्नाने तेव्हा भल्याभल्यांची झोप उडाली होती. आम्ही असेंबल करून घेतला: १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. दुकानदार त्या चाळीसवर हात ठेवून म्हणाला होता, "साहेब, जन्मात भरणार नाही." त्या आकड्यात त्याला काहीतरी समुद्रासारखं दिसत असावं, कारण हे सांगताना त्याने नजर दूर लावली होती. आज नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी उगवणारे सूर्य आणि त्यांखालचे सुविचार साठवून ठेवले, तर तो समुद्र फार वर्षं पुरणार नाही. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. फोनने काढलेला नातीचा एक फोटोही तिच्यात शिरायचा नाही, आणि आम्ही तर घरातली सगळी कागदपत्रं तिच्यावर ठेवून वर नाव लिहीत होतो, "महत्त्वाचे".

त्या कॉम्प्युटरला हिने भरतकामाचं आवरण शिवलं होतं. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, ओल्या हाताने माउसला शिवायचं नाही, आणि पंखा त्याच्याकडे वळवून ठेवायचा, असा तीन कलमी शिष्टाचार होता. खंडेनवमीला कॅबिनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केल्याच्या बातमीचं कात्रण जपून ठेवलं होतं. ते त्यांनी आमच्या असेंबल्ड कॅबिनेटच्या मागे भिंतीला लावलं. घराण्यातल्या कर्तबगार पुरुषाची तसबीर लहान मुलाच्या अभ्यासाच्या जागी लावतात, त्यातलाच प्रकार. ज्याच्या भविष्यासाठी हे सगळं चाललं होतं तो चिरंजीव त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळत मोठा झाला, आणि भविष्य आपलं आपण येऊन त्याला परदेशी घेऊन गेलं.

आता बजेट ठरलं पंचवीस हजार. माफक बजेट ही फार बोलकी गोष्ट असते. लाखभर घेऊन दुकानात शिरणारा माणूस काहीच बोलत नाही. तो बोट दाखवतो. पंचवीस हजारवाल्याला मात्र आपलं सगळं आयुष्य समजावून सांगावं लागतं. भाच्याला फोन केला. तो ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे आणि त्याच्याकडे प्रत्येक आजारावर एकच औषध आहे: "मामा, थोडं बजेट वाढव." थोडं वाढवलं की सोळा जीबी रॅम येते, अजून थोडं वाढवलं की प्रोसेसर बरा येतो, अजून थोडं वाढवलं की पाच-सात वर्षं बघायला नको. त्या 'थोडं'च्या पायऱ्या चढत आम्ही फोनवरच साठ हजारांपर्यंत पोचलो, वरून दिसणारं दृश्य पाहिलं, आणि मी एकटाच खाली उतरलो. रॅमचे भावही नेमके तेव्हाच चढलेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरीच्या चिपा ढिगाने लागतात म्हणून २०२५ च्या अखेरीपासून सगळीकडेच त्या महागल्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी यंत्रांना विचार करायला शिकवत आहेत, आणि त्याचा खर्च डोंबिवलीतल्या एका निवृत्त माणसाच्या कोटेशनमध्ये दिसतो आहे, हे वाचून मला उगाच आपण मोठ्या घडामोडींच्या जवळ असल्यासारखं वाटलं.

लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेल्या रस्त्यावर लॅमिंग्टन रोड कुठे म्हणून विचारायचं. हा रस्ता पूर्वी सिनेमांचा. इथल्या मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षं चालला. अण्णांनी मला तिथेच तो दाखवला होता, आणि मध्यंतरात दोघांत एक समोसा घेऊन, गब्बरच्या माणसांना पगार मिळत असेल का, असा शुद्ध कारकुनी प्रश्न विचारला होता. आता त्या रस्त्यावर केबलींची भेंडोळी, मदरबोर्डांच्या चळती, आणि काउंटरमागे मिसरूड फुटलेली मुलं. त्यांतल्या एकाने माझ्याकडे न बघता विचारलं, "अंकल, यूज क्या है?"

मी गडबडलो. या वयात, भर बाजारात, उभ्या उभ्या असा प्रश्न. त्याचा रोख कॉम्प्युटरकडे होता हे कळायला मला एक क्षण लागला. २००२ साली आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा कॉम्प्युटर भविष्यासाठी घेत, आणि भविष्याला वापर विचारत नाहीत. आता मी आठवून आठवून सांगू लागलो: विजेचं बिल, बँकेचं पासबुक बघणं, मुलाशी बोलणं, नातीचे फोटो, कधी एखादं पत्र, दुपारी पत्त्यांचा डाव. माझा अख्खा दिनक्रम त्या काउंटरवर मांडून झाला आणि तो मांडायला पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही. मुलाने तो दयाळूपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "फिर तो कुछ भी चलेगा." अपमान वाटायला हवा होता. पण का कोण जाणे, डॉक्टरने तपासून 'काही विशेष नाही, सगळं खा' म्हटल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं.

त्याने मग शहाणपणाच्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, एसएसडी असल्याशिवाय काही घ्यायचं नाही. बाकी सगळं कमी चालेल. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी असते. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर एक इवलासा दांडा तिच्यावर तरंगत हवी ती ओळ शोधत फिरतो. म्हणजे इतकी वर्षं आमच्या टेबलाखाली एक मुकी ग्रामोफोन तबकडी फिरत होती, आणि आम्ही गाण्याऐवजी तिच्याकडे गॅसची पावती मागत होतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. सगळं जागच्या जागी, मागितलं की हजर. दुसरी गोष्ट, नव्याच्या मागे लागायचं नाही. कंपन्या भाड्याने घेतलेली मशीनं काही वर्षांनी परत करतात. ती साफसूफ करून, एसएसडी घालून, थोड्या वॉरंटीवर विकतात. 'लीज रिटर्न' म्हणायचं त्यांना. मॉनिटर आणि कीबोर्ड घरचेच ठेवले तर पंचवीस हजारांतून पैसे उरतीलसुद्धा.

ते मशीन मला पाहताक्षणी आवडलं. जाडजूड शब्दकोशाएवढं, काळं, अबोल. आठ जीबी रॅम, प्रोसेसर बरोबर आठव्या पिढीचा, म्हणजे काठावर पास. पाठीवर कुठल्याशा ऑफिसचा मालमत्ता क्रमांक चिकटवलेला. भाचा म्हणाला, खरवडून टाकू. मी नको म्हटलं. कुठल्यातरी थंडगार मजल्यावर याने वर्षानुवर्षं इतरांचे ताळेबंद जुळवले असतील, मार्चअखेरीस रात्री जागवल्या असतील. आता नियमाने बाहेर पडला आहे आणि आमच्याकडे पत्ते खेळायला येतो आहे. एकमेकांच्या सेवापुस्तिकेला कुणी हात लावू नये, एवढं सौजन्य आम्ही दोघांनी पाळायला हरकत नाही.

जुन्यातलं सगळं नव्यात घेताना एक फाइल उघडेना. म्हणजे उघडली, पण आत इंग्रजी अक्षरं, टिंबं, चलनांची चिन्हं आणि स्वल्पविराम यांचा घनदाट पाऊस. नाव होतं 'आठवणी'. निवृत्तीनंतर अण्णा रात्री सगळे झोपल्यावर दोन बोटांनी काहीतरी टाइप करत असत, ते हे. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचे मराठी फाँट म्हणजे एक सोंग असे: आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर देवनागरीचा मुखवटा. मुखवटा पुरवणारा फाँट नव्या मशीनवर नव्हता, म्हणून अण्णांचं सगळं आयुष्य परक्या लिपीत बडबडत होतं. भाच्याने एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून ती फाइल काढली. मराठी परत आलं, पण प्रवासात थोडं सांडलं. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, रफार भलत्याच्या डोक्यावर चढले, आणि 'सुऱ्या', 'दऱ्या' यांची तर दशा झाली. ते दुरुस्त करणारं यंत्र अजून निघालेलं नाही, किंवा निघालं असलं तरी माझ्या बजेटात नाही. तेव्हा रोज सकाळी एखादं पान मीच दुरुस्त करतो. जे लेखन अण्णांच्या हयातीत मी "वाचतो नंतर" म्हणून ठेवलं होतं, ते आता वेलांटी वेलांटी करत वाचावं लागतं आहे, आणि मजकुरावरून नुसती नजर फिरवण्याची सोय या कामात मुळीच नाही.

परवा १९६४ साल लागलं. त्यात रेडिओ खरेदीची चांगली अडीच पानं आहेत. व्हॉल्व्हचा घ्यावा की नव्याने आलेला ट्रान्झिस्टर, पोस्टातून काढायच्या लायसन्सचा वर्षाचा खर्च धरायचा की नाही, कुठल्या दुकानदाराने किती सोडले, ऑफिसातल्या कोणत्या सहकाऱ्याने 'थोडे पैसे वाढवा' असा सल्ला दिला, आणि शेवटी कुणाचा तरी वापरलेला, पण 'आवाजाला गोड' असा संच कसा ठरला, हे सगळं तारीखवार आहे. घासाघीस करून वाचवलेल्या रुपयांत आईसाठी काय घेतलं, तेही आहे. वाचताना माझ्या लक्षात आलं की लॅमिंग्टन रोडवर मी एकटा उभा नव्हतो. आमच्या घराण्यात घासूनपुसून वस्तू घेणं हा काटकसरीचा भाग नाहीच. थोड्या पैशांत नेमकं काय हवं आहे ते स्वतःला विचारून बघण्याची ती एक घरगुती रीत आहे, आणि ती मला न शिकवता आली आहे. उरलेल्या पैशांतून मी हिला चष्म्याची नवी फ्रेम घेतली होती. तेव्हा मी हे पान वाचलेलं नव्हतं.

अण्णांनी एकच गोष्ट लिहायची राहू दिली: रेडिओ घरी आल्यावर त्यावर पहिल्यांदा काय ऐकलं. फाइल दोनदा चाळली, सापडलं नाही. उद्या कधी नातीने आमच्या खरेदीबद्दल विचारलं तर तिची अशी अडचण होऊ नये, म्हणून अण्णांच्या मजकुराखाली चार ओळी सोडून मी माझी नोंद करून ठेवली आहे: मशीन जुनं, किंमत बजेटाच्या आत, आवाज जवळजवळ नाही, आणि पहिलं काम विजेचं बिल भरण्याचं. रक्कमही लिहिली आहे. आमच्याकडे ती लागते.