रात्र थोडी, सुरवंट फार

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहराच्या उशाशी पाट्शरकोफेल नावाचा डोंगर आहे. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रान्झ क्लामर पिवळ्या पोशाखात या डोंगरावरून १ मिनिट ४५.७३ सेकंदांत खाली आला आणि त्या देशाचा लाडका झाला. उतरलेली उंची साधारण ८७० मीटर. तेवढीच उंची हल्ली टिरोल प्रांतातली साधी नोकरदार माणसं ऑफिस सुटल्यावर, काळोखात, कपाळाला दिवा बांधून, पायांत स्की घालून, अडीच तास घाम गाळत चढतात. डोक्यावर रोपवेचे पाळणे स्वस्थ लटकत असतात. ते चालू असते तरी या मंडळींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. विकत श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणं ते हेच, असं कोणाच्या तोंडी येईलही. पण सिंहगडाच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता असताना भल्या पहाटे पायवाटेनं धापा टाकत जाणाऱ्या पुणेकरानं तरी हसू नये.

स्कीवरून वर चढता येतं याचंच आपल्याला आधी नवल वाटतं, कारण ही वस्तू मुळात घसरण्यासाठी बनवलेली. तिच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा बकरीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. तिचे केस मागच्या दिशेला झुकलेले, म्हणून स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. जर्मनमध्ये या पट्टीला अजूनही कातडंच म्हणतात आणि त्या शब्दाचा उच्चार ‘फेल’. नाव फेल, काम मात्र दरवर्षी पास. फ्रिट्झ बार्टेल या टिरोलच्याच इंजिनिअरनं १९८० च्या दशकात बुटाचं टोक दोन खिळ्यांत पकडणारी आणि टाच मोकळी सोडणारी हलकी बांधणी शोधली, तेव्हा पायावरचं ओझंही उतरलं. २०२६ मध्ये तर हा चढण्याचा खेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. म्हणजे सामान शहाणं झालं, पायही तयार झाले. शिकायचं राहिलं ते घड्याळ बघायला. संध्याकाळी लोकांना वर नेणारी लिफ्ट बंद झाली की डोंगर रिकामा झाला, अशी या चढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची समजूत असते. लिफ्ट बंद होते तेव्हा खरं तर डोंगराची रात्रपाळी सुरू होते.

या रात्रपाळीचा मुकादम म्हणजे बर्फ सपाट करणारं यंत्र. त्याला जर्मनमध्ये ‘पिस्टनराउपे’ म्हणतात, म्हणजे पिस्टवरचा सुरवंट. पिस्ट ही स्कीसाठी आखून, दाबून केलेली उतरण. हा सुरवंट कित्येक टनांचा, पुढे फाळ आणि मागे बर्फ दळणारं फिरतं चक्र. पण भ्यायचं ते त्याला नव्हे. तो दिव्यांनी लखलखलेला असतो, गुरगुरतो, आंधळ्यालाही चुकवता येईल. भ्यायचं ते त्याच्या शेपटीला. तीव्र उतारावर यंत्र स्वतःच्या बळावर टिकत नाही, म्हणून पोलादी दोर वर एका खुंटाला अडकवून ते त्याच्या आधारानं वरखाली करतं. हा दोर हजार मीटरपर्यंत लांब आणि जाडीला जेमतेम करंगळीएवढा, ओढ मात्र काही टनांची. यंत्र टेकाडापलीकडे, खुंट अलीकडच्या वळणावर, आणि मधला दोर बर्फात गाडून निपचित पडलेला. पलीकडे यंत्रानं दिशा बदलली की तो क्षणात ताणून वर उसळतो किंवा अख्खी पिस्ट आडवी झाडून काढतो. चालकाला आपण दिसत नाही, आपल्याला यंत्र दिसत नाही, आणि दोर कोणालाच दिसत नाही. आल्प्समध्ये अशा दोरावर आदळून माणसं मेली आहेत. त्याच रात्री कृत्रिम बर्फाच्या तोफा चालू असतात, त्यांचे नळ आणि विजेच्या तारा पसरलेल्या असतात, आणि वर हिम साचलं असेल तर ते पाडायला सुरुंगही याच वेळी लावतात, कारण या वेळी तिथे कोणी नसतं असं गृहीत धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी नाही, पण भांडणं तिच्यावरूनच जास्त होतात. सुरवंटानं दळून पसरलेला बर्फ लगेच टणक होत नाही. त्याचे कण रात्रीच्या थंडीत काही तास एकमेकांना चिकटत राहतात. तेवढ्यात कोणी वरून झोकात खाली आला, की त्याच्या स्कीच्या रेघा तशाच गोठतात. सकाळी तिकीट काढून आलेल्या पाहुण्याचा पाय त्या खाचेत अडकतो. ओल्या कोब्यावर रात्री पोरं नाचून गेली तर गवंडी जे बोलेल, तेच हा यंत्रचालक टिरोली बोलीत बोलतो.

यावर चढणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: डोंगर काय लिफ्ट कंपनीच्या बापाचा आहे? प्रश्न रास्त आहे. १९७५ च्या ऑस्ट्रियन वनकायद्यानं कोणालाही मन रमवायला जंगलात फिरण्याची मुभा दिली आहे. पण त्याच कायद्यानं लिफ्टच्या परिसरातल्या जंगलातून स्कीवर खाली यायचं तर आखलेल्या वाटेनंच, असंही बजावलं आहे. आता चढायचा हक्क सगळ्यांना, उतरायची वाट एकच आणि तिच्यावर रात्री बंदची पाटी. हक्काचा जोर धरून वर गेलेला माणूस थेट त्रिशंकू होतो. दुसरं असं, की डोंगर कोणाचाही असो, सपाट केलेला बर्फ हा कोणीतरी डिझेल जाळून, रात्र जागून केलेला माल आहे. तो नको असेल तर शेजारचा कच्चा डोंगर मोकळाच आहे. तिथे हिमस्खलनाची भीती, असं म्हणणाऱ्यानं कबूल करून टाकावं की त्याला स्वातंत्र्य नको आहे, सुरवंटानं केलेली सोय हवी आहे. सोय घ्यायची तर सोय करणाऱ्याचं वेळापत्रकही घ्यावं लागतं. ‘आमच्या कपाळाला दिवा आहे की’ हा युक्तिवाद मात्र अगदीच पोकळ. दिवा लावाच, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडेही घाला, म्हणजे निदान चालकाला आपण दिसू. पण टेकाडापलीकडून येणारा दोर दिवा बघून थांबत नाही. चांदण्याची मजा लुटायला तोही दिवा विझवणाऱ्या रसिकांबद्दल तर काय बोलावं! दिवसाच्या शिस्तीतही चढणाऱ्याला जागा आहे: आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या १९६७ पासूनच्या दहा नियमांतला सातवा त्याच्यासाठीच आहे, कडेनं चाला. टिरोलनं त्यात भर घातली ती एकामागून एक जा, कुत्रा आणू नका (स्कीची धार त्याचे पाय कापते), पार्किंगचे पैसे द्या अशी. यातला शेवटचा नियम लोकांना दोरापेक्षा जास्त झोंबतो.

टिरोलनं काढलेला तोडगा कोणत्याही मराठी तालुक्याला चटकन कळेल. इन्सब्रुकच्या आसपासच्या गावांनी आठवडी बाजारासारखे वार वाटून घेतले आहेत. सोमवारी या गावची पिस्ट चढणाऱ्यांची, मंगळवारी त्या गावची. त्या वारी ठरलेल्या पिस्टवर दोर लावत नाहीत आणि वरची खानावळ उशिरापर्यंत उघडी राहते. खानावळवाल्याचा यात तोटा कुठला? असतील शितं तर जमतील भुतं, आणि इथे शितं म्हणजे कायझरश्मार्न: जाडसर गोड धिरड्याचे तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा गोड मुरंबा. चढणीच्या व्यायामात जे कमावलं ते एका ताटात परत. म्हणून जाणाऱ्यानं सामानाच्या दुकानात शिरण्याआधी त्या गावचा वार विचारून घ्यावा, आणि वर पोचल्यावर ताटाइतकंच लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे ठेवावं. बहुतेक ठिकाणी रात्री दहाच्या सुमारास पिस्ट पुन्हा बंद होते आणि सुरवंट बाहेर पडतात. धिरडं तोवर संपवा.