रजेवरचा माणूस पोहोचला: जहाज कंपन्यांना एक खुले पत्र

प्रति,
समस्त जहाज कंपन्यांचे कर्मचारी विभाग,
ज्या बंदरात असतील तिथे.

विषय: रजेवर सोडलेला खलाशी तोंडवली (ता. मालवण) येथे मिळाल्याबाबत.

महोदय,

आपण साइन ऑफ करून पाठवलेला कर्मचारी कणकवलीला गाडीतून उतरून आचऱ्यामार्गे घरी पोहोचला. माल शाबूत आहे. रंग थोडा उतरला आहे. शेजारणीने "कधी इलंस?" आणि त्याच दमात "जातलंस कधी?" विचारल्यामुळे त्याची आवक-जावक गावात रीतसर नोंदली गेली.

तक्रार एकच. तो दिवसभर कौतुक करतो.

सकाळी पेजेचे. उकड्या तांदळाची पेज, खारातली मिरची, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. लहानपणी हेच पुढ्यात आले की तो तोंड फिरवायचा; आता ताटाचे फोटो काढून बोटीवरच्या कुकला पाठवतो. पेजेची बाजू घ्यायला इतिहासही उभा आहे, हे मान्य करायला हवे. १८८०च्या दशकात जपानच्या नौदलात पांढऱ्याशुभ्र भातावर जगणारे खलाशी बेरीबेरीने अंथरुणाला खिळत होते. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांनी आहारात मांस आणि जव वाढवून रोग आटोक्यात आणला. भात सडताना कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते, हे जगाला कळले ते पुढे. कोकणात भात आधी उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. उकडताना ते जीवनसत्त्व बरेचसे दाण्यात मुरते. एवढे शास्त्र वाटीत असताना फोटोखाली त्याने फक्त "आईच्या हातची चव" लिहिले, हे जरा कमीच झाले.

दुपारी घरच्या विहिरीच्या पाण्याचे. बोटीवर इंजिनाच्या उष्णतेने समुद्राचे पाणी कमी दाबाखाली उकळून गोडे करतात. ते पाणी शुद्ध, पण पिताना काही प्यायलो असे वाटत नाही, असे त्याचे म्हणणे. तळाशील-तोंडवलीची ही चिंचोळी पट्टी, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. अशा जागी गोडे पाणी लागते त्याचे श्रेय पावसाला. वाळूत मुरलेले पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून वर राहते. उपसा फार झाला की खालचे खारे वर सरकते आणि विहीर मचूळ होते. आपल्या कर्मचाऱ्याने मनसोक्त कौतुक करून झाल्यावर दोन हॉर्सपॉवरचा पंप आणि वर शॉवर बसवण्याचा बेत जाहीर केला आहे. त्याला परत बोलावण्याची तारीख अलीकडे घेता आली तर बघावे.

संध्याकाळी तो सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जातो आणि समुद्र बघतो. महिनोन् महिने चारी बाजूंना दुसरे काही न पाहिलेला माणूस! अर्थात इथला समुद्र नुसता बघण्यात सगळ्यांचेच समाधान होत नाही: याच तोंडवली-वायंगणीत सरकारला 'सी वर्ल्ड' हे समुद्री थीम पार्क आणायचे होते. गावाने जमिनीसाठी विरोध केला.

आता मुद्द्याचे. त्याच्या कौतुकात एक शब्द सतत येतो: आराम. बोटीवर आराम कसा मोजतात, ते त्यानेच घरच्यांना समजावले. २००६चा सागरी कामगार करार, भारताने २०१५मध्ये स्वीकारलेला. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७. विश्रांतीचे तुकडे दोनच करता येतात आणि त्यातला एक सलग ६ तासांचा हवा. रोजची नोंद तक्त्यात ठेवायची, खलाशाने सही करायची, एक प्रत त्याला द्यायची. जेवण फुकट, आणि तेही त्याचा धर्म नि रीतिरिवाज सांभाळून.

घरच्यांना हा कायदा फार आवडला. त्यांनी तोच तक्ता त्याच्या आईला लावून पाहिला. पहाटे चूल, पेज, विहीर, मग बाजार, मासे साफ करणे, वाटप, दुपारचे जेवण, भांडी, चहा, आल्यागेल्याचा चहा, पुन्हा चूल. विश्रांतीचे तुकडे मोजायला बोटे पुरेनात, आणि लेक रजेवर आल्यापासून तर सोलकढीसाठी रोज नारळ खवायचा आहे. असा तक्ता एखाद्या बोटीवर सापडला असता तर बंदरातल्या निरीक्षकाने तिला नांगर उचलू दिला नसता. कर्मचाऱ्याला हे दाखवले. त्याने तक्ता नीट वाचला, "खरा आसा" म्हणाला आणि आणखी थोडी पेज मागितली.

सबब विनंती की, रजा संपण्यापूर्वी आपला एक निरीक्षक इकडे पाठवावा. त्याने दुपारी येऊ नये. आल्यास जेवल्याशिवाय त्याला कोणी सोडणार नाही, आणि तक्त्यात आणखी एका पानाची भर पडेल.

कळावे,
घरच्यांच्या वतीने.

ता. क. पंपाचे कोटेशन आले आहे.