काडी टाकणारे अण्णा

वालुरात लग्न असो, बारसं असो की तेरवी, अण्णा पंगतीच्या टोकाला कधी बसत नाहीत. मधोमध बसतात, आणि पत्रावळ मांडायच्या आधी डावी-उजवी बाजू न्याहाळून घेतात. एका अंगाला पाथरीचा पाहुणा आणि दुसऱ्या अंगाला शिर्डीकडचा व्याही सापडला, तर त्यांना जेवणाआधीच तृप्तीची ढेकर येते. मीठ-लिंबू वाढून होईस्तोवर पाऊसपाण्याचं बोलणं. वरणावर तुपाची धार पडली, की मग अगदी भाबड्या सुरात, "कामून हो पाव्हणं, साईबाबा नेमके जन्मले तरी कुठं?"

झालं! जानेवारी २०२० मध्ये बाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डीनं बंद पाळला. मुंबईत तो वाद कधीच निवला असेल, आमच्या पंगतीत दर लग्नसराईला तो गरम करून वाढतात. पाथरीवाला पुरावे काढतो, व्याही म्हणतो बाबांनी जन्मगाव कुणाला सांगितलंच नाही, आणि तेवढ्यात सेलूचा एकजण "गुरू तर आमच्याकडचेच" म्हणून तिसरा दावा ठोकतो. अण्णांनी तोवर वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलेली असते.

ऑस्ट्रेलियात म्हणे अशा विषयाला 'बार्बेक्यू स्टॉपर' म्हणतात. जॉन हॉवर्ड पंतप्रधान असताना नोकरी आणि संसार यांच्या ओढाताणीबद्दल ते असं बोलले आणि शब्द देशभर झाला. विषय निघाला की शेगडीवरचं मांस तिथंच करपू देऊन माणसं बोलायला लागतात. अण्णांना हा प्रकार मुळीच पटणार नाही. अन्न करपू देऊन वाद कसला? वाद दुसऱ्यांनी घालायचा, आपण जेवायचं.

अण्णांना स्वतःचं मत म्हणून नाहीच. निम्न दुधनाचं पाणी आधी कुणाला, पीकविम्यात कुणाचं गाव सुटलं, १९५३ च्या नागपूर करारानं मराठवाड्याला काय दिलं, सगळे प्रश्न त्यांच्याकडे, उत्तर एकाचंही नाही. बाहेरचं कुणी नसलं तर बारव आहेच. जिन्यासारख्या गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची आमची बारव गावानं श्रमदान करून साफ केली, लोक लांबून बघायला येऊ लागले. अण्णा एवढंच विचारतात, "पहिलं टोपलं उचललं कुणी?" एका टोपल्याचे पाच धनी निघतात.

मात्र कुठं काडी टाकायची नाही, हेही त्यांना पक्कं कळतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली. तो विषय दुसऱ्या कुणी काढला तर अण्णाच मठ्ठा मागवून मोडता घालतात. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

त्यांचा खरा वैरी बुफे. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत उठता येत नाही, त्यामुळं भांडण पुरं होतं. बुफेत माणूस ताट घेऊन चालायला लागतो. पापडाच्या रांगेत कुणाला चिडवणार?

तर परवाच्या लग्नात पंगत होती आणि अण्णा रंगात होते. आग्रह करायला त्यांची थोरली बहीण बुंदीचं पातेलं घेऊन फिरत होती. गाव तिला आक्का म्हणतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ ला केला, केंद्रानं २००५ ला; आणि आमच्याकडच्या भावांना तेव्हापासून हक्कसोडपत्राची आठवण राखीपौर्णिमेपेक्षा जास्त येऊ लागली. आक्का अण्णांपुढं थांबली.

"अण्णा, तुला लई प्रश्न पडतात. मलाबी एक पडलाय. सेलूला त्या कागदावर माझी सही घेतलीस, तव्हा आधी भेळ खाऊ घातलीस का आधी सही घेतली?"

पाथरीवाला थांबला, व्याही थांबला. चौघा भावांनी आपापल्या द्रोणात डोकं घातलं. वाढप्या पोरगा मात्र हसला.

"बघतो काय रं," आक्का म्हणाली, "वाढ त्याला बुंदी. आज त्याला बोलायचं न्हाई."